अक्षभंग, चक्रभंग आणि उतारूचा हक्क

१

मराठींत प्रवाशास 'उतारू' असा एक जुना शब्द आहे. हा शब्द 'उतरणें' या क्रियापदापासून निघाला असून त्याचें मूळ संस्कृत उत् + तॄ, म्हणजे पाणी तरून पैलतीरास लागणें, हें होय. आगगाडींतील मनुष्यास आपण उतारू म्हणतों तेव्हां त्यास नकळत नावेंतच बसवीत असतों. भाड्याच्या वाहनांतून जातांना ज्यास इजा होते अशा उतारूच्या भरपाईच्या हक्काचा इतिहास प्रस्तुत लेखांत संक्षेपानें पाहावयाचा आहे. तो पाहतां असें दिसून येईल कीं, या शब्दांत लपलेली नाव ही केवळ व्युत्पत्तीची गंमत नव्हे. त्या हक्काचें मर्महि तींतच आहे.

विषय सुचण्यास निमित्त घडलें तें असें. आमच्या आळींतील एक विधवा बाई कागदांची पिशवी घेऊन मजकडे आल्या. त्यांचा कमावता मुलगा गर्दीच्या लोकलगाडीच्या दारांतून पडून मरण पावला होता. त्या गोष्टीस दहा महिने होऊन गेले होते, आणि भरपाईचा अर्ज करण्याची मुदत एक वर्षाची. नातलगांनीं अर्ज लिहून आणला होता. बाई मात्र सही करीनात. त्या म्हणाल्या, "मास्तर, दैवांत होतें तें झालें. आतां मागायचें तें कोणाकडे, आणि काय म्हणून?"

प्रश्न साधे दिसतात. परंतु 'कोणाकडे' आणि 'काय म्हणून' या दोन प्रश्नांभोंवतींच या विषयाचा सारा इतिहास फिरला आहे. त्याविषयीं आपल्याकडे दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो कीं, हें सर्व आमच्या स्मृतींत पूर्वींच सांगून ठेवलें आहे. दुसरा म्हणतो, नुकसानभरपाई ही कल्पनाच इंग्रजांबरोबर आली. त्यापूर्वीं दंड होता, भरपाई नव्हती. मूळ वचनें जुळवून पाहिलीं असतां दोन्ही मतें अर्धींच खरीं ठरतात.

२

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत दंडपारुष्य, म्हणजे मारहाण व शारीरिक इजा, या व्यवहारपदाच्या ओघांत वाहनांचा विचार आला आहे. त्याच्या लगत आधीं दोन श्लोक आहेत (८.२८७ व २८८), त्यांकडे प्रथम लक्ष दिलें पाहिजे. पहिल्याचा आशय असा कीं, कोणी दुसऱ्याच्या अंगास पीडा दिली, व्रण केला किंवा रक्त काढलें, तर त्यानें 'समुत्थानव्यय' द्यावा. समुत्थान म्हणजे अंथरुणावरून उठणें, पूर्ववत् होणें. त्यास लागणारा खर्च तो समुत्थानव्यय. याज्ञवल्क्यानेंहि व्यवहाराध्यायांत हाच खर्च सांगितला असून, कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत बसून त्यावर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर औषधाचा व पथ्याचा खर्च असा त्याचा अर्थ देतो. हा पैसा राजाकडे जात नाहीं. तो इजा झालेल्या मनुष्यास मिळतो. तेव्हां भरपाईची कल्पना इंग्रजांबरोबर आली, हें मत येथेंच खंडित होतें.

दुसरा श्लोक वस्तूंविषयीं आहे. दुसऱ्याच्या वस्तूचा नाश जाणून केला असो वा न जाणतां, करणारानें धन्याची 'तुष्टि' करावी, म्हणजे त्याचें समाधान होईल असें द्यावें, आणि तेवढाच दंड राजासहि द्यावा. न जाणतां झालेल्या नुकसानीबद्दलहि देणें लागतें, हा नियम मोठा कडक आहे. परंतु तो द्रव्यासंबंधीं आहे, देहासंबंधीं नाहीं. हा भेद ध्यानांत ठेवावा; पुढें दोन हजार वर्षांनीं तो पुन्हा भेटणार आहे.

यानंतर यानप्रकरण (८.२९० पासून). वाहन, वाहन हाकणारा आणि वाहनाचा धनी या तिघांस दंडांतून सोडविणारे दहा प्रसंग मनु सांगतो. ते असे: बैलाची वेसण तुटणें, जूं मोडणें, वाहन आडवें जाणें, तें उलट मागें येणें, आंस, म्हणजे अक्ष, मोडणें, चाक मोडणें, वाहनाचीं चामड्याचीं बंधनें तुटणें, जोत्याची वादी तुटणें, लगाम तुटणें, आणि हाकणारानें 'बाजूस व्हा' असें ओरडून सांगितलेलें असणें. या दहांखेरीज इतर प्रसंगीं दंड आहे. सारथी अकुशल असून त्यामुळें वाहन वाट सोडून गेलें व हिंसा झाली, तर धन्यास दोनशें पण दंड. सारथी कुशल असतां चुकला, तर दंड सारथ्यास. धन्यानें नोकर पारखून ठेवावा, हें तत्त्व येथें स्पष्ट आहे, आणि तें आजच्याहि न्यायपीठास मान्य होईल.

मग उतारूचें काय? त्याचेंहि नांव या प्रकरणांत येतें. पण वादी म्हणून नव्हे. सारथी अकुशल असेल तर वाहनांत बसलेल्या सर्वांस प्रत्येकीं शंभर पण दंड करावा, असें मनु म्हणतो (८.२९४). अकुशल हाकणाराच्या गाडींत चढणें हाच त्यांचा दोष, असा टीकाकारांचा भाव आहे. कौटिल्याचा कलहि असाच आहे. कंटकशोधन अधिकरणांत तो सांगतो कीं, हाकणारा अल्पवयी असल्यास गाडींत बसलेल्या धन्यास दंड करावा, आणि धनी नसल्यास गाडींत जो असेल त्यास. मूल हाकीत असलेली किंवा हाकणाराच नसलेली गाडी राजानें जप्त करावी.

याचें कारण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. या वचनांपुढें जी गाडी उभी आहे ती घरची गाडी आहे. तींत बसणारा हा धन्याचा आप्त, सोयरा किंवा सोबती. वाटेवरील लोकांच्या दृष्टीनें तो गाडीच्या बाजूचा मनुष्य. दाद मागणारा तो वाटसरू, ज्याच्या अंगावर गाडी गेली. भाडें देऊन परक्याच्या हवालीं आपला देह करणारा उतारू या चित्रांत नाहीं.

३

तो उतारू नावेंत आहे. मनूनें त्याच अध्यायाच्या शेवटाकडे (८.४०४ ते ४०९) तरीचे नियम दिले आहेत. गाडीस एक पण, ओझें घेतलेल्या मनुष्यास अर्धा पण, पशूस व स्त्रीस पाव पण आणि रिकाम्या हातानें जाणाऱ्या पुरुषास पावाचा अर्धा, असा नदी उतरण्याचा दर आहे. लांबच्या जलप्रवासाचें भाडें देशकालाप्रमाणें. हें नदीकांठापुरतें, समुद्रास असा नियम नाहीं. दोन महिन्यांवरील गर्भिणी, प्रव्रजित, मुनि इत्यादिकांकडून कांहीं घेऊं नये. भाडें आलें, दर ठरला, माफीची यादी झाली, कीं त्याच्या पाठोपाठ जबाबदारीहि आली. नावाड्यांच्या अपराधानें नावेंतील जें कांहीं नष्ट होईल तें सर्व नावाड्यांनीं मिळून आपआपल्या अंशानें भरून द्यावें. मात्र दैविक आपत्ति असेल तर त्यांस निग्रह नाहीं.

कौटिल्य याहून पुढें गेला आहे. १९०९ सालीं म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं अर्थशास्त्र छापून काढलें, त्यामुळें नावध्यक्षाचें प्रकरण (२.२८) सर्वांस उपलब्ध झालें. मोठ्या नद्यांवर शासक, नियामक, दोर व विळा धरणारा आणि पाणी उपसणारा एवढीं माणसें असलेल्या मोठ्या नावा चालवाव्या, असें तेथें सांगितलें आहे. ब्राह्मण, प्रव्रजित, बालक, वृद्ध, आजारी, राजशासन नेणारा आणि गर्भिणी यांनीं नावध्यक्षाच्या मुद्रेवर पार व्हावें. आजच्या भाषेंत हा पासच होय. आणि पुढें तो नियम येतो, जो या विषयाचा मेरुमणि मानावा: माणसें किंवा उपकरणें अपुरीं असल्यामुळें, अथवा डागडुजी न केल्यामुळें नाव बुडाली, तर जें हरवलें वा नासलें तें नावध्यक्षानें भरून द्यावें.

या नियमाशेजारीं मनूचे दहा अपवाद ठेवून पाहा. गाडीच्या बाबतींत आंस मोडणें ही सबब आहे. नावेच्या बाबतींत मोडकें साधन हाच अपराध आहे. गाडी मोडली म्हणून धनी सुटतो. नाव मोडकी होती म्हणून अध्यक्ष अडकतो. एकाच परंपरेंत हे दोन नियम उभे आहेत, आणि त्यांच्यामधील भेद लांकडाचा वा पाण्याचा नसून भाड्याचा आहे. जो पैसा घेऊन लोकांस वाहतो त्यानें आपलें साधन नीट राखलें पाहिजे.

तथापि एक गोष्ट मान्य केली पाहिजे. नावेच्या या दोन्ही वचनांत जें भरून द्यावयाचें तें मुख्यतः माल होय. बुडालेल्या मनुष्याच्या बायकामुलांस काय, याचें उत्तर तेथें नाहीं. मनुष्यमरणास मनु चोरीसारखा दंड सांगतो (८.२९६), पण तो दंड आहे आणि तो राजाचा आहे. सर्व कांहीं स्मृतींत आहे, हें मतहि येथें थांबतें.

४

आतां इंग्लंडकडे वळणें प्राप्त आहे. कारण आपल्याकडील आजचा कायदा स्मृतींतून उतरलेला नाहीं. ब्रिटिश अमलांत न्यायालयांनीं या विषयांत बव्हंशीं तिकडील तत्त्वेंच उचललीं. तेथेंहि आगगाडीच्या आधीं भाड्याच्या घोडागाड्या होत्या, आणि त्यांच्या दाव्यांत आपली जुनी आंस पुन्हा मोडलेली दिसते.

१८०९ च्या क्रिस्टी विरुद्ध ग्रिग्ज या दाव्यांत लंडनजवळ धांवणाऱ्या एका भाड्याच्या गाडीची आंस तुटून वरचा उतारू खालीं पडला व जखमी झाला. न्यायाधीशानें ठरविलें कीं, आंस मोडली एवढें उतारूनें दाखविलें म्हणजे त्याचें काम झालें. गाडी निर्दोष होती हें आतां गाडीवाल्यानें सिद्ध करावें. तें सिद्ध झालें तर मात्र तो सुटेल, कारण माल नेणारा मालाच्या सुखरूपतेची जशी हमी देतो तशी माणूस नेणारा माणसाची देत नाहीं. मानवी दक्षता पोंचेल तेवढ्यापुरताच तो बांधलेला आहे. मनूपाशीं अक्षभंग ही पूर्ण सबब होती. येथें ती सबब राहिली, पण शाबितीचा भार गाडीवाल्याकडे गेला.

माल व माणूस यांमधील हा भेद वाचकांच्या ध्यानांत आलाच असेल. न जाणतां नासलेल्या वस्तूबद्दलहि मनु तुष्टि करावयास लावतो. देहाविषयीं तेवढा कडक नियम नाहीं. हिंदुस्थानांत १८६५ च्या कॅरिअर्स कायद्यानें सार्वजनिक मालवाहकांची जबाबदारी आंखून दिली, आणि मालाच्या हानीबद्दल दावा करणारास वाहकाची हयगय सिद्ध करण्याच्या भारांतून मुक्त केलें. त्याच काळांत आगगाडींत हात मोडलेल्या उतारूस कंपनीची हयगय शाबीत करावी लागे. सुताच्या गांठोडीस जें संरक्षण होतें तें गांठोडी घेऊन बसलेल्या मनुष्यास नव्हतें.

मेलेल्या उतारूची स्थिति याहून विलक्षण होती. १८०८ च्या बेकर विरुद्ध बोल्टन या दाव्यांत भाड्याची गाडी उलटून नवराबायको दोघेंहि जखमी झालीं. बायको सुमारें महिन्यानें वारली. लॉर्ड एलेनबरो यांनीं सांगितलें कीं, दिवाणी न्यायालयांत मनुष्याचा मृत्यु ही तक्रारीची बाब होऊं शकत नाहीं. नवऱ्यास भरपाई मिळाली ती स्वतःच्या इजेची, आणि बायकोच्या मृत्यूच्या क्षणापर्यंत तिच्या सहवासास मुकल्याची, त्यानंतरची नाहीं. जखमी उतारूपेक्षां मेलेला उतारू गाडीवाल्यास स्वस्त पडे.

मृत्यूबद्दल कांहीं घेतलेंच तर तें राजा घेई. ज्या वस्तूनें मनुष्य मेला ती वस्तु किंवा तिचें मोल सरकारजमा करण्याची 'डिओडंड' नांवाची जुनी रूढि तिकडे होती. कौटिल्यानें जप्त केलेल्या गाडीची येथें आठवण होते. १८४१ च्या डिसेंबरांत ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर सॉनिंग येथें गाडीस अपघात होऊन उघड्या डब्यांतील गरीब उतारू मेले, तेव्हां पंचांनीं एक हजार पौंड डिओडंड ठरविला. कुटुंबांस त्यांतील एक पैहि घेण्याचा हक्क नव्हता. रेल्वेच्या युगांत हें चालणें शक्य नव्हतें. १८४६ सालीं डिओडंड रद्द झाला, आणि त्याच सालीं लॉर्ड कॅम्बेल यांच्या कायद्यानें मृताच्या जवळच्या आप्तांस दावा करण्याचा अधिकार मिळाला. राजाकडे जाणारा पैसा घराकडे वळला तो या वर्षीं.

५

मुंबईची बोरीबंदर व ठाणें यांमधील पहिली उतारूंची आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं सुटली. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८५५ सालीं, येथें तेरावा कायदा झाला. तोच प्राणघातक अपघातांचा कायदा. कॅम्बेलच्या कायद्याच्या धर्तीवर नवरा, बायको, आईबाप व मुलें यांच्यासाठीं भरपाईचा दावा त्यानें मान्य केला. आमच्या आळींतील बाईंच्या 'काय म्हणून' या प्रश्नास या देशाच्या कायद्यानें दिलेलें हें पहिलें स्पष्ट उत्तर होय: आप्ताच्या मृत्यूनें घरास जी हानि झाली तिच्यासाठीं. परंतु त्यांत एक अट होती. मृत्यु दुसऱ्याच्या दोषानें झालेला असावयास पाहिजे होता.

हा दोष शाबीत करावयाचा म्हणजे काय, हें चक्रभंगाच्या दाव्यावरून कळतें. इंग्लंडांत मिडलंड रेल्वेच्या एका डब्याच्या चाकाची लोखंडी धांव तुटली व उतारू जखमी झाला. धांव सांधतांना आंत पोकळी राहिली होती. ती बाहेरून कोणास दिसण्यासारखी नव्हती. १८६९ सालीं वरिष्ठ न्यायालयानें निर्णय दिला कीं, दक्षता घेऊनहि जो दोष सांपडला नसता त्याबद्दल कंपनी जबाबदार नाहीं. मनूच्या यादींतील चक्रभंग लोखंडाच्या युगांतहि सबब म्हणून उभाच राहिला. उतारूपाशीं ना चाक होतें, ना कारखान्याच्या वह्या. तरी हानि त्याच्या घरीं राहिली.

हिंदुस्थानांत १८९० सालीं रेल्वेचा नववा कायदा झाला. त्या कायद्यांत १९४३ सालीं ८२-अ हें कलम घालण्यांत आलें, आणि तेथें पहिल्यानें मोठें वळण लागलें. गाड्यांची टक्कर झाली, गाडी रुळांवरून घसरली किंवा उतारूंच्या गाडीस तशा प्रकारचा अपघात झाला, तर रेल्वेच्या नोकरांची हयगय असो वा नसो, रेल्वेनें भरपाई द्यावी. मर्यादा मनुष्यामागें दहा हजार रुपये. ज्या दिवशीं 'हयगय असो वा नसो' हे शब्द आले त्या दिवशीं अक्षभंग व चक्रभंग या सबबी रेल्वेपुरत्या संपल्या.

१९८७ च्या कायद्यानें रेल्वे दावा न्यायाधिकरण स्थापण्याची योजना झाली व १९८९ च्या नोव्हेंबरांत त्याचें काम सुरू झालें. १८९० च्या कायद्याची जागा १९८९ च्या रेल्वे कायद्यानें घेतली. त्यांत कलम १२४ हें टक्करी व घसरणें यांसंबंधीं आहे. परंतु मुंबईसारख्या शहरांत उतारू मरतो तो बहुधा टकरीनें नव्हे. तो दारांतून पडतो. त्याच्यासाठीं १९९४ सालीं कलम १२४-अ आलें. चालत्या उतारू-गाडींतून अपघातानें पडणें ही त्यांत 'अनुचित घटना' मानली असून, तीबद्दलहि रेल्वेच्या दोषाचा विचार न करतां भरपाई सांगितली आहे. मृत्यूबद्दल ठरलेली रक्कम १९९७ पासून चार लाख होती, ती १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख झाली. इजांचें कोष्टक नियमांना जोडलें आहे. दोन्ही हात गेल्यास मृत्यूइतकीच रक्कम मिळते.

या कलमांत पांच अपवाद आहेत: आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, स्वतःच स्वतःस केलेली इजा, स्वतःचें गुन्हेगारी कृत्य, नशेंत वा वेडाच्या भरांत केलेलें कृत्य, आणि नैसर्गिक कारण वा रोग. मनूचे दहा अपवाद आणि हे पांच अपवाद समोरासमोर ठेवण्यासारखे आहेत. मनूच्या दहांपैकीं नऊ वाहनाचें वा त्याच्या साधनांचें बिघडणें आहे, व दहावा हाकणाराची आरोळी. त्यांत उतारूच्या वर्तनाचा विचारहि नाहीं. आजचे पांचहि अपवाद उतारूच्या देहाचे व वर्तनाचे आहेत. त्यांत वाहनाच्या मोडण्याचा उल्लेखहि नाहीं. भार एका खांद्यावरून दुसऱ्यावर कसा गेला, हें या दोन याद्या जेवढें स्पष्ट दाखवितात तेवढें दुसरें कांहीं दाखवीत नाहीं.

अपवाद किती ताणावे, यावरहि सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय झाले आहेत. केरळांतील एक स्त्री गाडींत चढतांना पडून मेली, तेव्हां २००८ सालीं न्यायालयानें सांगितलें कीं, चढणाराहि या कलमाच्या आश्रयांत येतो, व येथें दोषाचा शोध अप्रस्तुत आहे. उघड्या दारांत उभें राहणें ही बेसावधपणाची गोष्ट असेल, पण तें गुन्हेगारी कृत्य नव्हे, असें २०१० सालीं ठरलें. मृताजवळ तिकीट सांपडलें नाहीं एवढ्यानेंच दावा बुडत नाहीं. वारसानें शपथपत्रावर वस्तुस्थिति सांगावी, मग उलट सिद्ध करणें रेल्वेकडे, हें २०१८ सालीं स्पष्ट झालें. नावध्यक्षाची मुद्रा पाण्यांत वाहून गेली म्हणून तो मनुष्य नावेंत नव्हताच असें होत नाहीं.

६

सडकेवरील वाहनांचा मार्ग थोडा निराळा आहे. मुंबईंत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजीं सुरू झाली, विजेची १९०७ सालीं, व मोटारबस १९२६ च्या जुलैंत. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर रस्त्यानें गेली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यांतील सक्तीच्या विम्याचें प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलांत आलें होतें. १९५६ च्या दुरुस्तीनें अपघात-दाव्यांसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणें काढण्याची सोय केली. १९८२ सालीं दोष न पाहतां कांहीं रक्कम देण्याचें तत्त्व सडकेवरहि आलें. सध्यांचा कायदा १९८८ चा. २०१९ च्या दुरुस्तीनें त्यांतील कलम १६४ खालीं, दोष शाबीत न करतां, मृत्यूबद्दल पांच लाख व गंभीर इजेबद्दल अडीच लाख रुपये मागतां येतात. अधिक मागावयाचें तर कलम १६६ खालीं दोष दाखवावा लागतो. पण तेथें रकमेस ठराविक मर्यादा नाहीं.

येथें 'किती' हा तिसरा प्रश्न उभा राहतो. मनूचे दंड पणांत बांधलेले आहेत, पण समुत्थानव्यय बांधलेला नाहीं. ज्यास जेवढें लागेल तेवढें. रेल्वेचें कोष्टक पहिल्या जातीचें, सडकेवरील दोषाधिष्ठित दावा दुसऱ्या जातीचा. सडकेवरील मृत्यूच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं वयावरून गुणक ठरवून दिले: पंधरा ते पंचवीस वर्षांच्या मनुष्यास अठरा, छत्तीस ते चाळीस यांस पंधरा, पासष्टाच्या वर पांच. आश्रितांच्या वांट्यास येणाऱ्या वार्षिक उत्पन्नास त्या अंकानें गुणावयाचें. पहिल्या पद्धतींत मजूर व सावकार यांची किंमत एक होते, पण घरची खरी हानि भरून निघत नाहीं. दुसरींत हानि मोजली जाते, पण ज्याची मिळकत कमी त्याच्या घरीं कमी जातें. दोहोंतील कोणतीहि पद्धति निर्दोष नाहीं.

७

सारांश असा. आपल्या ग्रंथांत गाडीचा एक नियम आहे व नावेचा एक. गाडीच्या नियमांत मोडलेलें साधन ही सबब, आणि बसणारा हा दोषाचा वांटेकरी. नावेच्या नियमांत भाडें घेणारानें साधन नीट राखावें, न राखल्यास भरून द्यावें. इंग्लंडच्या न्यायालयांनीं स्वतंत्र मार्गानें गाडीच्या नियमाशीं मिळताजुळता नियम घडविला व साठ-सत्तर वर्षें तो धरून ठेवला. आपल्याकडे १९४३ नंतर कायदा क्रमाक्रमानें नावेच्या नियमाच्या बाजूस आला, आणि मग त्याच्याहि पुढें गेला. हा वारसा नव्हे. कौटिल्याचें वचन समोर ठेवून कोणी कलम ८२-अ लिहिलें नाहीं. पण प्रश्न एक असला म्हणजे उत्तरेंहि मर्यादितच असतात, आणि शहाणीं माणसें पुन्हा पुन्हा त्यांच्यापाशींच येतात. पूर्वजांचा गौरव करावयाचा तो एवढ्याबद्दल करावा. जें त्यांनीं सांगितलें नाहीं, म्हणजे मेलेल्या उतारूच्या घराचा हक्क, तें त्यांच्या तोंडीं घालूं नये.

राहिलें दैव. १७ जुलै १९४७ रोजीं, पावसाळ्याच्या भरांत, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट उलटली व सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. अशा वेळीं वाऱ्याकडे व आभाळाकडे बोट दाखविणें स्वाभाविक आहे. मनूनेंहि दैविक आपत्तींत नावाड्यास निग्रह नाहीं असें म्हटलें आहे. पण त्याच्या वचनांतील क्रम पाहण्यासारखा आहे. आधीं नावाड्यांचा अपराध सांगितला, त्याची भरपाई सांगितली, आणि मग शेवटच्या चरणांत दैवाचें नांव काढलें. दैव हा शोधाचा शेवट आहे. आपण त्यास आरंभ करतों. माणसें पुरेशीं होतीं काय, उपकरणें होतीं काय, डागडुजी झाली होती काय, हे तीन प्रश्न विचारून संपल्याखेरीज दैवाचें नांव घेण्याचा अधिकार वाहून नेणारास नाहीं, आणि ज्याचें माणूस गेलें त्याच्यावर तशी सक्तीहि नाहीं.

आमच्या आळींतील बाईंस मीं हेंच साध्या शब्दांत सांगितलें. 'कोणाकडे' याचें उत्तर, ज्यानें भाडें घेतलें त्याच्याकडे. 'काय म्हणून' याचें उत्तर, मुलाची किंमत म्हणून नव्हे. ती कोणी देऊं शकत नाहीं. ज्या घरास तो उठवीत होता तें घर पुन्हा उठावें म्हणून. हाहि एक समुत्थानव्ययच. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग त्यांनीं लेखणी मागितली. अर्ज मुदतींत दाखल झाला. त्याचा निकाल हा या लेखाचा विषय नव्हे.

नदीकांठच्या व बंदरांवरच्या जुन्या घराण्यांत तरीचे मक्ते, भाड्याचे दर, बुडालेल्या मालाच्या भरपाईचे तंटे यांचे कागद ज्यांच्यापाशीं असतील त्यांनीं ते मंडळाकडे अवश्य धाडावे. उतारूच्या हक्काचा मराठी कालखंडांतील अध्याय त्या कागदांवरूनच लिहिला जावयाचा आहे.